कमिटीवर कोण, आणि दाद कोणाला मागता येते?

सोसायटीच्या कमिटीवर कोणी चुकीचा माणूस बसला, तर त्याविरुद्ध दाद मागायला फ्लॅटमध्ये राहणं पुरेसं नसतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं ते प्रामुख्याने सभासदाला, माजी सभासदाला किंवा सभासदामार्फत हक्क सांगणाऱ्याला. वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूला कमिटीच्या निवडीला आव्हान देता येत नाही.

खरी अडचण नवीन मालकाची. खरेदीखत नोंदलं, चावी मिळाली, पण शेअर सर्टिफिकेटवर अजून जुन्याच मालकाचं नाव! सोसायटीच्या लेखी नवीन मालक अजून सभासद नाही. त्याने आधी सभासदत्वाचा अर्ज करून पोच जपून ठेवावी. सोसायटीने तो फेटाळला, तर निबंधकाकडे अपील करता येतं.

दुसरा नेहमीचा मुद्दा थकबाकीचा. नुसता मेंटेनन्स थकला म्हणून कोणी कमिटीसाठी अपात्र ठरत नाही. बिल किंवा नोटीस मिळाल्याची तारीख आणि पैसे भरायची तारीख, यांतली जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत, तर ठरतो. म्हणून अशा वादात मी आधी या तारखा बघायला सांगेन. ही मुदत संपलेलीच नसताना उमेदवाराला बाद करणं हा सरळ अन्याय आहे.

मात्र इमारत सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर वरचे नियम गृहीत न धरता आधी इमारतीचं घोषणापत्र आणि उपविधी वाचा.