अनावर मूल आणि एकटे पडलेले आईबाप

मास्तरकी करतांना माझ्या हातून घडलेली एक चूक आरंभींच सांगून टाकतों. माझ्या वर्गांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. क्षुल्लक कारणावरून तो संतापे, दप्तरें भिरकावी, शेजारच्या मुलाला चावे. एके दिवशीं मीं त्याच्या वडिलांना बोलावून घेतलें आणि चार मुलांच्या देखत म्हटलें, "घरीं वळण लावलें असतें, तर ही वेळ आली नसती." ते गृहस्थ कांहीं बोलले नाहींत, मान खालीं घालून निघून गेले. पुढच्या महिन्यांत त्यांनीं मुलाचें नांव शाळेंतून काढलें. त्यांच्या मनगटावर दातांचे व्रण होते. मीं ते पाहिले होते. पण त्यांचा अर्थ त्या वेळीं मला कळला नाहीं.

तो अर्थ आज सांगावयाचा आहे. ज्या घरांत असें मूल असतें, तें घर हळूहळू एकटें पडतें. प्रथम लग्नामुंजींना जाणें बंद होतें, मग शेजारी दार लोटून घेऊं लागतात. अखेर घरांतच दोषारोप सुरू होतात. आजी म्हणते, आईनें लाडावलें. आई म्हणते, बापाच्या मारानें बिथरलें. आधाराची गरज जेव्हां सर्वांत अधिक, तेव्हांच तो तुटतो.

वास्तविक अशा वागण्याचें मूळ एकच नसतें. अतिचंचलता, स्वमग्नता, कमी ऐकूं येणें, अभ्यास न उमगणें, घरांतील मारझोड किंवा कोणाला सांगतां न येणारें भय, यांपैकीं कांहींही त्यामागें असूं शकेल. प्रत्येक हट्टी मूल आजारी नसतें, हेंही खरें. परंतु सहा सहा महिने तेंच चाललें असेल, मूल स्वतःला वा इतरांना इजा करीत असेल, घरीं व शाळेंत दोन्हीकडे त्याचें जमत नसेल, तर "मोठें झालें कीं सुधारेल" म्हणून वाट पाहत बसूं नये.

अमेरिकेंतील ओरेगन राज्यांत जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञानें अशा कुटुंबांच्या घरीं जाऊन त्यांच्या परस्परांशीं वागण्याचें निरीक्षण केलें, आणि आपले निष्कर्ष १९८२ सालीं ग्रंथरूपानें मांडले. त्यांचें सार सोपें आहे. आई म्हणते, "पसारा आवर." मूल किंचाळतें. थकलेली आई म्हणते, "राहूं दे." किंचाळणें थांबतें. ओरडलें कीं काम टळतें, हें मूल शिकलें; माघार घेतली कीं शांतता मिळते, हें आई शिकली. दुसऱ्या दिवशीं आई अधिक मोठ्यानें दरडावते, मूल त्याहून मोठ्यानें ओरडतें. या फेऱ्यांत दोघेंही सांपडलेलीं असतात. दुष्ट कोणीच नसतें.

यांतून सुटण्याची रीत आईबापांना शिकवितां येते. सूचना थोडक्यांत व एकदांच द्यावी. चांगलें वागणें दिसतांच कौतुक करावें. जी शिक्षा आपण पुरी करणार नाहीं, तिचा धाक घालूं नये. आणि मारूं तर मुळींच नये. मात्र ही रीत थकलेल्या माणसाला एकट्यानें साधत नाहीं. झोप झालेल्या आईला जें जमतें, तें जागरणानें शिणलेल्या आईला जमत नाहीं.

मग आधार कोठें शोधावा? पहिला घरांत. सर्व वडील माणसांनीं एकत्र बसून दोन-तीनच नियम ठरवावे व ते सर्वांनीं पाळावे. आठवड्यांतून कांहीं तास मावशीनें किंवा काकानें मूल सांभाळावें.

दुसरा शाळेंत. शिक्षकाला सारें मोकळेपणानें सांगावें आणि दिवस कसा गेला, याच्या दोन ओळी वहींत लिहून मागाव्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत मुलाला शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं, आणि शारीरिक शिक्षाही करतां येत नाहीं.

तिसरा वैद्यांचा. प्रथम बालरोगतज्ज्ञाला दाखवावें. ते पुढें मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवितात. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची व जिल्ह्याच्या ठिकाणीं शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. रात्रीं अपरात्रीं धीर सुटला, तर २०२२ पासूनच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनही विनामूल्य बोलतां येतें.

चौथा आधार समदुःखी आईबापांचा. ज्याचें जळतें, त्यालाच कळतें. आपल्या डॉक्टरांना सांगून अशा तीन-चार कुटुंबांची ओळख करून घ्यावी व महिन्यांतून एकदां कोणाच्या तरी घरीं जमावें. तेथें कोणाला कांहीं लपवावें लागत नाहीं.

ज्यांच्या घरीं असें मूल नाहीं, त्यांनाही माझें एक मागणें आहे. आपल्या चाळींत, आपल्या इमारतींत असें घर असेल, तर उपदेश करूं नका. दार वाजवा आणि म्हणा, "मी दोन तास याच्याजवळ बसतों, तुम्ही बाहेर जाऊन या." मला हें फार उशिरा उमगलें. ते गृहस्थ आज समोर आले, तर मी प्रथम त्यांना खुर्ची देईन आणि विचारीन, "मनगटाला काय लागलें?"