चतुर्थीची मुदत आणि पेणचे कारखाने

माल वेळेवर झाला नाही तर कारखानदार गिऱ्हाइकाकडे चार दिवसांची सवलत मागून घेतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीपाशी ती सोय नाही. म्हणूनच रायगडच्या खाडीकाठी पेण शहर आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही आसपासची गावे मिळून गणेशमूर्तींच्या कारखान्यांचे जे विस्तीर्ण जाळे पसरले आहे, त्याचे वर्षभराचे वेळापत्रक अखेरच्या दिवसापासून उलटे मोजीत बांधावे लागते.

एक कारखाना साच्यातून कच्च्या मूर्ती काढतो, दुसरा त्या घासून-पुसून रंगवितो; आणि परदेशी जाणाऱ्या मूर्ती, जहाजाच्या प्रवासाचे आठवडे हिशेबात धरून, पावसाळ्यापूर्वीच रवाना कराव्या लागतात. या साऱ्याचा मेळ घालणारी मध्यवर्ती कचेरी कोठेही नाही. तो विसार, जबान आणि पिढीजात ओळख यांवर बसतो.

त्यात पंचांगाची गती निराळी. अधिक मास नसला की चतुर्थी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते: २०२४ साली ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला, अधिक ज्येष्ठामुळे २०२६ साली ती पुन्हा १४ सप्टेंबरवर जाते. पाऊस मात्र पंचांग पाहून येत नाही. चतुर्थी लवकर आली की रंगकामाचा ऐन भर जोराच्या पावसातील सर्द हवेत सापडतो आणि शाडू वाळता वाळत नाही. यास्तव जाणता कारखानदार साच्याचे काम उन्हाळ्यातच उरकून आपले भांडवल महिनोन्महिने फळ्यांवर अडकवून ठेवतो.

तथापि साचे वाढविल्याने मूर्ती लवकर सिद्ध होतात असे नाही, कारण खरी गती डोळ्यांची आखणी करणाऱ्या हातावर अवलंबून असते. पांढऱ्यावर बारीक कुंचल्याने कड ओढायची, बुबुळ भरायचे, त्यात तेजाचा ठिपका ठेवायचा, आणि दोन्ही डोळ्यांची नजर भक्ताच्या मुखाशी एकत्र आणायची, हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. असा कारागीर दोन दिवस आजारी पडला तर मागची सारी रांग खोळंबते. मोठमोठ्या उद्योगसमूहांचे नियोजनकार संगणकावर जो अडता टप्पा शोधीत असतात, तो पेणमध्ये कोणीही बोटाने दाखवील.

हे वेळापत्रक बाहेरच्या धक्क्यांनीही कोलमडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर आदळले. पुढे जुलैत, महासाथीमुळे, सरकारने सार्वजनिक मूर्तींची उंची ४ फुटांवर आणि घरगुती मूर्तींची २ फुटांवर मर्यादित केली. वादळाला पूर्वसूचनेचे बंधन घालता येत नाही, सरकारी हुकमाला येते. उंचीचा असो वा मातीचा, असा नियम साचे भरण्यापूर्वी जाहीर व्हावा आणि कर्जाची तजवीजही त्याच सुमारास व्हावी, एवढी या कारागिरांची मागणी मला सर्वथा न्याय्य वाटते.