माहितीचा अतिभार, विखुरलेल्या कार्यगटांतील

एकाच कामात गुंतलेल्या, पण निरनिराळ्या ठिकाणी राहणाऱ्या व्यक्तींकडे निर्णयासाठी उपयोगात आणता येईल त्याहून अधिक माहिती साचण्याची अवस्था. बर्ट्रम ग्रॉस यांनी १९६४ मध्ये ही संज्ञा व्यवस्थापनविषयक लेखनात वापरली. ॲल्विन टॉफ्लर यांच्या फ्यूचर शॉक (१९७०) या ग्रंथामुळे ती सर्वतोमुखी झाली. माहिती विपुल झाली, की तिच्याकडे द्यावयाचे अवधान तोकडे पडते, असे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये प्रतिपादिले.

एकत्र बसणारी माणसे तोंडी विचारून शंका मिटवितात. दूरस्थांना प्रत्येक गोष्ट लिहून कळवावी लागते. त्यामुळे एकच मजकूर अनेक मार्गांनी येतो आणि तातडीचे व किरकोळ यांतील भेद पुसट होतो.

हा प्रश्न नवा नाही. पेशवाईत दूरदूरच्या महालांतून येणारे हिशेब पुण्याच्या हुजूर दफ्तरात जमा होत. तेथे सु. २०० कारकून असत. चालू व्यवहार ‘चालते दफ्तर’ पाही, तर ‘एक बेरीज दफ्तर’ सर्व हिशेबांचे वर्गीकरण करी. जमा, खर्च व शिल्लक यांचा वार्षिक गोषवारा म्हणजे ‘तर्जुमा’, तर खर्चाच्या बाबींचा वर्णानुक्रमे लावलेला सारांश म्हणजे ‘खतावणी’. त्यामुळे मूळ कागद न चाळता राज्याची आर्थिक स्थिती समजे. नाना फडणीसांच्या काळात ही व्यवस्था नेटकी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) दफ्तराची हेळसांड होऊन पुष्कळ कागद गहाळ झाले.

आपत्तीच्या प्रसंगी अतिभार जीवावर बेतू शकतो. उदा., हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा (ता. वसमत) या गावात जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीमुळे पुराचे पाणी शिरले. अशा वेळी गाव, तालुका व जिल्हा या पातळ्यांवरील कर्मचारी परस्परांपासून दूर असतात. पाण्याची पातळी व अडकलेल्यांची संख्या यांसोबत छायाचित्रे, चौकश्या आणि अफवा एकाच भ्रमणध्वनीवर येऊ लागल्या, तर मदतीची हाक त्यांत बुडून जाण्याचा धोका असतो.

यावरील उपाय मुख्यतः चार : तातडीच्या वृत्तासाठी स्वतंत्र मार्ग राखणे, प्रत्येक विषयाची नोंद एकाच ठिकाणी ठेवणे, वरच्या पातळीस ठराविक वेळी गोषवाराच पाठविणे व मूळ नोंद मागताच मिळेल अशी लावणे, आणि कोणती माहिती कोणी पाहावयाची, हे आधीच ठरविणे. गोषवाऱ्यात प्रतिकूल वृत्त गाळले जाण्याचा संभव असतो. म्हणून मूळ नोंदींशी तो अधूनमधून ताडून पाहणे आवश्यक ठरते.