मूळ संच तोच, स्वर नवा

रायपूरहून नागपूरचा सुमारे 290 किलोमीटरचा मोटारप्रवास संगीताच्या साथीने सुखद होतो. परंतु ध्वनी सुधारण्यासाठी मोटारीतील मूळ संच काढण्याची गरज नसते. अनेक नव्या मोटारींत रिव्हर्स कॅमेरा व स्टीअरिंगवरील बटणे त्याच संचाला जोडलेली असतात. म्हणून प्रथम केवळ दारांतील स्पीकर बदलावेत. तेवढ्याने समाधान न झाल्यास, मूळ संचाच्या स्पीकर-तारांतूनच संकेत घेणारा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा. त्याची वीजतार थेट बॅटरीपासून घेताना बॅटरीलगत फ्यूज अवश्य बसवावा; तार घासून शॉर्टसर्किट झाल्यास तोच आगीचा धोका टाळतो. मूळ तारा न कापता तयार कपलर वापरावेत आणि वॉरंटीच्या अटी आधीच वाचाव्यात. अशा रीतीने खर्च टप्प्याटप्प्याने होतो व मोटार विकताना ती पूर्ववत करणेही सुलभ जाते.