कडीपाटाचे काँक्रीटमध्ये रूपांतर : टिटवाळा परिसरातील जुन्या घरांच्या संदर्भात

टिटवाळा हे काळू नदीकाठचे गाव कल्याण-कसारा लोहमार्गावर असून आज ते कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. या परिसरातील जुन्या पद्धतीच्या घरांत तळमजल्याची भुई चोपलेल्या मातीची असते. लाकडाचे काम सुरू होते ते माळ्यापासून. भिंतींवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर आणि त्यावर सारवण अशी ही रचना असून तिला कडीपाट म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तळमजल्याचीही जमीन लाकडी असते व तिच्याखाली हवा खेळती ठेवलेली असते. त्यामुळे तिकडील रूपांतरात जमिनीखालच्या पोकळीचा विचार प्रमुख ठरतो, तर येथे अधांतरी मजल्याचा.

सारवणाचा त्रास टाळावा, वर लादी बसवावी, या हेतूने माती काढून पाटांवरच काँक्रीट ओतण्याकडे पुष्कळांचा कल असतो. पाट आयतेच सेंटरिंगचे काम देतात, हे त्यातील आकर्षण होय. परंतु असे करण्याने केवळ पृष्ठभाग बदलतो, ही समजूत बरोबर नाही. भार कोणी वाहावयाचा, हा यातील मूळ प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. सागाची कडी १० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर खोल, गाळा ३ मीटर आणि दोन कड्यांच्या मध्यांतील अंतर ४५ सेंटिमीटर आहे, असे मानू. कड्या, पाट व ८ सेंटिमीटर माती मिळून दर चौरस मीटरला सुमारे १७५ किलोग्रॅम स्थिर भार होतो. मातीच्या जागी १० सेंटिमीटर काँक्रीट व त्यावर लादी आली, की तो सुमारे ३९० किलोग्रॅम होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. माणसे व सामान यांचा २०० किलोग्रॅम भार दोन्ही वेळी मिळविला असता कडीतील वाकणीचा ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५१ किलोग्रॅमवरून ८० वर जातो. निरोगी सागास हा ताण सोसतो. म्हणूनच असे मजले लगेच कोसळत नाहीत, आणि लोकांचा विश्वास बसतो.

खरी अडचण वाकण्याची आहे. वरील कडी तत्काळ सुमारे १ सेंटिमीटर वाकेल. पण लाकूड सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे वाकतच राहते, आणि हा बाक दीड सेंटिमीटरच्या पुढे जातो. लाकूड लवते, काँक्रीट लवत नाही; त्याला तडे जातात. वाळवीने कडीची खोली ३ सेंटिमीटरने घटलेली असेल, तर ताण दीडपटीहून अधिक व बाक जवळजवळ दुप्पट होतो, कारण ताण खोलीच्या वर्गाच्या आणि बाक घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो.

याला ओलाव्याची जोड मिळते. काँक्रीटमधील पाणी व पुढे तड्यांतून झिरपणारे पाणी पाटांवर अडकते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर सतत राहिला, की बुरशीचा धोका सुरू होतो. कोकणच्या पावसाळ्यात ओल्या भिंतीत रुतलेली कडीची टोके तर आधीच धोक्यात असतात. बाहेरून धडधाकट दिसणारी कडी भिंतीच्या आत भुसा झालेली आढळते, ती यामुळेच.

लाकूड व काँक्रीट खिळे वा खुंट्यांनी एकजीव करून दोघांकडून काम घेण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून रूढ आहे. परंतु लाकूड निरोगी व कोरडे असेल, तरच ती लागू पडते.

ते तसे नसल्यास कड्या काढणे प्राप्त होते. मुंबईच्या जुन्या चाळींच्या दुरुस्तीत लोखंडी तुळयांवर लादी-कोबा करण्याची पद्धत प्रचलित झाली. तिचा वैरी गंज होय. दुसरा मार्ग सळईच्या काँक्रीटच्या स्लॅबचा. मात्र मातीत बांधलेल्या भिंतीवर स्लॅब थेट टेकवू नये. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा घालून भार पसरवावा. तसेच कड्या समोरासमोरच्या भिंतींना धरूनही ठेवतात, हे विसरता कामा नये. साऱ्या कड्या एकदम काढल्यास भिंती मोकळ्या पडतात. म्हणून टेकू देऊन एकेक गाळा बदलावा आणि काम पावसाळ्यापूर्वी संपवावे. भारतीय मानक ४५६ (२०००) प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी द्यावयाचे असते, व ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकूही किमान ७ दिवस ठेवावयाचे असतात.

तेव्हा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी भिंतीलगतचा गिलावा फोडून प्रत्येक कडीचे टोक टोचून पाहणे, ही पहिली पायरी ठरते. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ते टाळून वर ओतलेले काँक्रीट सडलेले लाकूड दृष्टीआड करते, आणि त्याच मजल्याखाली घरातील माणसे निजत असतात.