चौकट आणि प्रश्न

माहीमच्या आमच्या चाळीतला एम. ए.चा एक विद्यार्थी परवा आपला प्रबंध घेऊन आला. विषय होता सफाई कामगारांच्या मुलांचे शिक्षण. ‘सैद्धांतिक चौकट’ या प्रकरणात त्याने चार परदेशी विचारवंतांची नावे उतरवली होती. पुढे त्यांचा मागमूसही नव्हता. मी हसलो नाही. घरातला पहिला पदवीधर म्हणून मीही एकेकाळी हेच केले होते. चौकट म्हणजे परीक्षकाला दाखवायचा परवाना, अशीच माझी समजूत होती.

वास्तवाला कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता पुरावा शोधायचा, हे जी ठरवते ती चौकट. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. विणकाम खात्यात पगार अधिक, तरी ते जन्मभर कताईतच राहिले. केवळ वर्गाच्या चौकटीतून पाहिले तर मालक, कामगार आणि मजुरीचे दर दिसतात. विणकामात कोण नाही, हा प्रश्न जातीची चौकट उभा करते. त्याचे उत्तर धोट्यात आहे. कांडी बदलली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा स्पृश्य कामगाराला चालत नसे. १९२८च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला. मात्र कामगारांच्या या फुटीचा लाभ कोणाला, हे विचारायला वर्गाची चौकटही लागतेच.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या आणि जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मर्म ठरवले. मग पुढचा प्रश्न आला: जोडीदाराच्या मृत्यूनंतर मागे उरलेल्या स्त्रीचे किंवा पुरुषाचे जात काय करते? सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या सुट्या वाटणाऱ्या रूढी एका सूत्रात आल्या. माहिती सर्वांजवळ होती. प्रश्न त्यांनी विचारला. आपली उपपत्ती टिकली नाही तर ती सोडण्याची तयारीही त्यांनी शेवटी नोंदवली.

आपल्या मुलांनी माहिती गोळा करावी आणि सिद्धांत इतरांनी मांडावा, ही वाटणीही जातीचीच आहे. ती नाकारायची तर उसनी नावे पुरणार नाहीत.

विद्यार्थ्याने तीन नावे खोडली. चौथ्याखाली लिहिले: ‘मुलगी शाळा सोडते तेव्हा घरातले कोणाचे काम तिच्याकडे येते?’

मी म्हटले, आता प्रबंध सुरू झाला.