फासे उघड्यावर की आडोशाला?

मंडळी, सारीपाटावर फासे पडतात ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दान मनासारखं पडो वा न पडो, काय पडलं ते सर्वांनी पाहिलेलं असतं. आज ज्या खेळाविषयी बोलायचं आहे, त्यात मात्र एकजण पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून फासे टाकतो. ते फक्त त्यालाच दिसतात, आणि तो सांगेल ते बाकीचे मानतात. हे बरं की वाईट, यावर तो खेळ खेळणाऱ्यांचं पन्नास वर्षांत एकमत झालेलं नाही.

खेळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो छापून काढला. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. यात पट असलाच पाहिजे असं नाही, आणि एकाने जिंकून दुसऱ्याने हरायचं असंही नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. एकजण गोष्ट चालवतो. त्याला आपण सूत्रधार म्हणू. तो सांगतो, “समोर पडकी गढी आहे, दार अर्धवट उघडं आहे. काय करता?” ज्याला जे सुचेल ते तो करतो. जिथं काम साधेल की फसेल याची शंका असते, तिथं फासा टाकायचा. हा फासा बहुधा वीस बाजूंचा असतो. ठरलेला आकडा किंवा त्याहून मोठा पडला तर काम साधलं.

आता आडोसा कशाला, ते पाहू. चोर झालेला खेळाडू म्हणतो, “दाराला हात लावण्याआधी सापळा आहे का ते बघतो.” फासा उघड्यावर टाकला आणि दोन पडले, तर आपण नीट पाहिलं नाही हे त्या खेळाडूला लगेच कळतं, आणि तो दाराजवळही जात नाही. पण गोष्टीतल्या चोराला हे कुठून कळणार? त्याने पाहिलं, त्याला काही दिसलं नाही, एवढंच त्याला ठाऊक. सूत्रधाराने तोच फासा आडोशामागे टाकला आणि “काही दिसत नाही” एवढंच सांगितलं, की खेळाडू चोराच्या जागी येऊन उभा राहतो. सापळा नाही म्हणून दिसला नाही, की असून दिसला नाही? छातीत धडधड होते ती इथं. ‘पाथफाइंडर’ नावाचा याच जातीचा खेळ आहे. त्याच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत अशा काही कृतींवर ‘गुप्त’ अशी खूणच केली आहे, आणि खेळाडूच्या वतीने फासा सूत्रधारच टाकतो. मला हे रास्त वाटतं. इथं लपवलेलं आहे ते पात्रालाही ठाऊक नसलेलं.

पण आडोशाचा दुसराही एक उपयोग होतो, आणि भांडण आहे ते त्याचं. राक्षस गदा उगारतो. योद्धा आधीच घायाळ, एक घाव बसला की संपला. सूत्रधार फासा टाकतो, एकोणीस पडतात. म्हणजे घाव बसलाच. तो क्षणभर त्या खेळाडूच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, “हुकला!” सगळे आनंदाने ओरडतात. कोणाचं काय बिघडलं?

शिक्षकमंडळींना हे ओळखीचं वाटेल. चौतीस गुणांच्या मुलाला कोणी गुपचूप एक गुण वाढवून दिला, तर मूल पास होतं. पण ही गोष्ट वर्गात फुटली, की ज्याने स्वतः झटून पस्तीस मिळवले त्याच्याही पस्तिसाकडे पोरं संशयाने बघू लागतात. खेळातही असंच होतं. एकदा कळलं की सूत्रधार वाचवतो, की मागचे सगळे जीवावरचे प्रसंग पोकळ ठरतात. उलट बाजूही आहे. वीस बाजूंच्या फाशावर लागोपाठ तीनदा वीस पडण्याचा योग आठ हजारांत एक. दुर्मिळ खरा, पण येतो. आडोशामागे तो आला आणि कोणाचा बळी गेला, तर प्रामाणिक सूत्रधारावरही आळ येतो. उघड्यावर पडला असता, तर सगळ्यांनी मिळून फाशालाच शिव्या दिल्या असत्या.

खुद्द गायगॅक्सने सूत्रधारांसाठी १९७९ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात फासे बाजूला सारण्याचा अधिकार सूत्रधाराला दिला आहे. पण त्यातली एक सूचना बारकाईने बघण्यासारखी आहे. खेळाडू शहाणपणाने खेळला आणि निव्वळ दानाने दगा दिला, तर पात्र मरू देण्याऐवजी सूत्रधार त्याला बेशुद्ध पाडू शकतो किंवा एखादा अवयव गमवायला लावू शकतो. म्हणजे घाव बसतोच, पण त्याची किंमत वेगळी घेतली जाते. अशी दया दाखवायला आडोसा लागत नाही. “हा घाव तुझा जीव घेणारा होता, त्याऐवजी हात गेला,” हे चारचौघांत सांगता येतं. माझं मत विचाराल, तर जीवावरचे फासे टेबलाच्या मध्यभागी पडावेत. मरण नकोच असेल, तर सूत्रधाराने तो फासा हातातच घेऊ नये.

हा वाद या खेळाहून जुना आहे. प्रशियात १८२४ साली राइसव्हिट्स नावाच्या अधिकाऱ्याने लष्करासाठी नकाशावरचा युद्धखेळ रचला. त्यात पंच फासे आणि कोष्टकं पाहून नुकसान ठरवी, आणि दोन्ही पक्षांना त्यांच्या सैन्याला दिसेल तेवढंच सांगे. पुढे १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने सुचवलं, की पंच अनुभवी असेल तर फासे नकोतच, त्याने आपल्या समजुतीने निकाल द्यावा. अमेरिकेत व्हिन्सेंट बेकर यांनी २०१० साली ‘ॲपोकॅलिप्स वर्ल्ड’ काढला, तेव्हा सूत्रधाराच्या हातचे फासे काढूनच घेतले. तिथं फासे टाकायचे ते खेळाडूंनी, सगळ्यांसमोर. सूत्रधाराने आडोसा मांडलाच, तर त्यामागे राहतात ते त्याचे नकाशे आणि टिपणं.